वाचकांचे प्रश्न : जी५ वरचा घोडा आणि घराबाहेर पडलेला राजा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बुद्धिबळातील फ्राइड लिव्हर अटॅक या एकाच सुरुवातीविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. चाली लिहिताना पटाचे उभे स्तंभ पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा धरल्या आहेत. रा, व, उं आणि घो ही राजा, वजीर, उंट आणि घोडा यांची आद्याक्षरे आहेत. प्याद्याच्या चालीत केवळ घराचे नाव दिले आहे. प्रत्येक आकड्यानंतर आधी पांढऱ्याची आणि मग काळ्याची चाल येते. गुणिलेचे चिन्ह म्हणजे मारणे आणि अधिकचे चिन्ह म्हणजे शह.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक असून दर रविवारी संध्याकाळी शेजारच्या गृहस्थांशी दोन-तीन डाव खेळतो. आम्ही दोघेही हौशी आहोत आणि स्पर्धेत कधी उतरलेलो नाही. गेल्या रविवारी माझ्याकडे काळी मोहरी होती आणि डाव असा झाला : १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५ डी५ ५. ई×डी५ घो×डी५ ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३+ रा-ई६ ८. घो-सी३ घो-डी४ ९. उं×डी५+ रा-डी६ १०. व-एफ७ उं-ई६ ११. उं×ई६ घो×ई६ १२. घो-ई४+ रा-डी५ १३. सी४+ रा×ई४ १४. व×ई६ व-डी४ १५. व-जी४+ रा-डी३ १६. व-ई२+ रा-सी२ १७. डी३ मात. आठव्या चालीला मी सी६ वरच्या घोड्याला हात लावला आणि लगेच मनात शंका आली, पण हात लावलेली मोहरी हलवावीच लागते, त्यामुळे इलाज उरला नाही. माझे नेमके कोठे चुकले? एफ७ वरचा घोडा मी मारायलाच नको होता का? आणि या वयात असल्या धारदार सुरुवातीच्या वाटेला जाऊ नये, हे माझ्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : डाव जसा झाला तसा, एकही चाल न लपवता आपण लिहून पाठवलात, याबद्दल प्रथम आभार. हरलेला डाव लिहून ठेवणारा खेळाडू सुधारतोच, असा माझा अनुभव आहे.

सहाव्या चालीविषयी आपण मनात काही ठेवू नये. एफ७ वर आलेला घोडा आपल्या वजिरावर आणि एच८ च्या हत्तीवर एकाच वेळी चालून आलेला होता, त्यामुळे त्याला मारण्यावाचून गत्यंतर नव्हते. सातव्या चालीला राजा ई६ वर नेलात तेही योग्यच केलेत, आणि हौशी खेळाडूला ते सुचणे सोपे नाही. आपला राजा पटाच्या मध्यावर, शत्रूच्या तोफांपुढे स्वतःच्या पायांनी चालत न्यायचा, ही गोष्ट मनाला पटत नाही. मात्र डी५ च्या घोड्यावर पांढऱ्याचा वजीर आणि उंट दोघेही टपलेले असतात, आणि राजाने तेथे हात दिला नाही तर तो घोडा फुकट जातो. राजा ई८ वर परत गेला असता तर उंटाने डी५ चा घोडा मारून एफ७ वर मातेची धमकी उभी केली असती. जी८ वर गेला असता तर काय झाले असते, ते खाली तिसऱ्या पत्रात येणारच आहे.

खरी चूक आठव्या चालीत आहे. पांढऱ्याने घो-सी३ खेळल्यावर पटाकडे पाहून डी५ या एकाच घराचा हिशेब मांडावा. त्या घरावर पांढऱ्याचे तीन मारेकरी आहेत : सी४ चा उंट, एफ३ चा वजीर आणि सी३ चा नवा घोडा. काळ्याकडून तेथे राखण करणारे दोनच आहेत, वजीर आणि स्वतः राजा. शिवाय डी५ चा घोडा हलूही शकत नाही, कारण त्याच्यामागे उंटाच्या तिरक्या रेषेत राजा उभा आहे. तिघांविरुद्ध दोघे असल्यामुळे तिसरा राखणदार ताबडतोब आणणे एवढेच काम त्या क्षणी होते. ते करू शकणारी एकच मोहरी जवळ होती, आणि ती म्हणजे सी६ चा घोडा.

म्हणजे आपला हात योग्य मोहरीवरच पडला होता. सी६ वरच्या घोड्याला त्या वेळी जाण्यासाठी पाच घरे मोकळी होती : ए५, बी४, बी८, डी४ आणि ई७. त्यांपैकी बी४ आणि ई७ या दोन घरांवरून तो डी५ ची राखण करतो. आपण निवडलेले डी४ हे घर मोहात पाडणारे होते, हे मी समजू शकतो. तेथून वजिरावर हल्ला होतो आणि सी२ चे प्यादे मारून राजा व हत्ती यांवर दुहेरी माऱ्याची आशाही निर्माण होते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पण समोरच्याचा घाव आधी शहासह पडणार असेल तर आपल्या दगडाला हवेतच थांबावे लागते. उं×डी५+ हा शह होता, त्याला उत्तर देण्यात आपली चाल खर्ची पडली आणि पांढऱ्याचा वजीर सुखरूप एफ७ वर पोहोचला. तो उंट आपल्या वजिराने मारला असता तर पांढऱ्याच्या वजिराने तेथेच आपला वजीर मारला असता, आणि सी३ च्या घोड्याचा पाठिंबा असल्याने राजाला त्याला हातही लावता आला नसता.

दहावी चाल व-एफ७ ही आपल्या शेजाऱ्यांची डावातली सर्वांत सुंदर चाल आहे. ती शह देत नाही, काही मारत नाही, आणि तरीही पुढच्या चालीला घो-ई४ मात होणार असते. आपण पटावर मोहरी मांडून ही जागा पुन्हा पाहावी : डी७ आणि ई७ वजिराने अडवलेली, सी६ आणि ई६ उंटाने, सी५ घोड्याने, आणि सी७ व ई५ या घरांवर आपलीच प्यादी बसलेली. त्या उंटाला राजा मारू शकत नाही, कारण एफ७ वरून वजीर त्याला सांभाळून आहे. आपण उं-ई६ खेळून ती मात टाळलीत, पण तेराव्या चालीला ई४ चा घोडा मारला तेथून राजाच्या प्रत्येक पावलाला एकच वाट उरली. पंधराव्या चालीनंतर डी३ आणि सोळाव्या चालीनंतर सी२ यांखेरीज त्याला दुसरे घरच नव्हते. तेराव्या चालीला राजा सी६ वर घेतला असता तरी ई६ चा घोडा शहासह गमावला असता, म्हणून त्या चालीबद्दल हळहळ नको.

आता पाचव्या चालीकडे येतो, कारण पुढच्या रविवारी आपल्याला उपयोग तिचाच होईल. पांढऱ्याने डी५ चे प्यादे मारल्यावर लगेच घोड्याने परत मारण्याची सक्ती कोणी केलेली नाही. या जागी सर्वाधिक विश्वासाने खेळली जाणारी चाल घो-ए५ ही आहे. ती सी४ च्या उंटाला, म्हणजे सगळ्या हल्ल्याच्या मुळालाच, हटकते. पुढे साधारणपणे ६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उं-ई२ एच६ अशी वाट चालते आणि पांढऱ्याच्या घोड्याला मागे फिरावे लागते. काळ्याचे एक प्यादे कमी असते. त्या बदल्यात त्याची मोहरी भराभर बाहेर येतात, पांढऱ्याचे उंट-घोडे माघारी जाण्यात चाली घालवतात आणि हल्ल्याची सूत्रे काळ्याकडे येतात. नवव्या चालीला घोडा बहुतेक वेळा एफ३ वर परततो. एच३ वर नेण्याची कल्पना पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याची. ती चाल पुष्कळांनी निकालात काढली होती, पण बॉबी फिशरने १९६३ साली आर्थर बिसगायर याच्याविरुद्ध ती पुन्हा बाहेर काढली आणि डाव जिंकला.

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे मला मान्य नाही. डाव हातचा गेला तो डी५ ची मोजदाद चुकल्यामुळे. असा हिशेब पाठ होण्यासाठी या सुरुवातीसारखी शाळा नाही, कारण इथे चूक झाली तर ती तीन-चार चालींतच डोळ्यांसमोर येते, तर संथ सुरुवातीत तीच चूक चाळीस चाली अंगात मुरते आणि कोठे बिघडले ते सापडतही नाही. आपण शिक्षक होता, आणि चूक लगेच दाखवणारी वही किती मोलाची असते हे मी आपल्याला सांगायला नको.

प्रश्न : वर ज्यांचे पत्र आले असेल त्या गुरुजींचा मी प्रतिस्पर्धी. डाव मी जिंकलो हे खरे, पण त्यांनी घोडा बी४ वर नेला असता तर पुढे काय करायचे हे मला माहीत नव्हते. घोडा गमावून बसलो असतो आणि हातात काही उरले नसते, अशी भीती आता वाटते. हा बळी मुळात योग्य आहे का? आणि काळ्याने चौथ्या चालीलाच एफ७ कडे दुर्लक्ष केले तर? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : दोन्ही शेजाऱ्यांनी एकमेकांना न सांगता पत्रे पाठवली असावीत असे दिसते, आणि मला त्याचा आनंद आहे. जिंकलेल्या डावातील आपली अडचण शोधणारे खेळाडू फार थोडे असतात.

बळी योग्य आहे, आणि तो फार जुना आहे. इटालियन खेळाडू जुलिओ चेझारे पोलेरिओ याच्या काळापासून, म्हणजे १६०० च्या आगेमागे, तो खेळला जात आहे. इटालियन भाषेत त्याचे नाव काळजाच्या एका पदार्थावरून पडले, म्हणून इंग्रजीतही फ्राइड लिव्हर अटॅक हेच नाव रूढ झाले. घो-बी४ किंवा घो-ई७ या उत्तरांनंतर अभ्यासकांचे मत पांढऱ्याकडेच झुकते, परंतु हल्ला मंदावू द्यायचा नसतो. घोडा बी४ वर आल्यावर सर्वांत समजण्याजोगी चाल म्हणजे कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्रित चाल. त्यामुळे सी२ वर घोड्याने येण्यात शह उरत नाही. तो तरीही सी२ वर आलाच तर डी५ ची राखण सुटते आणि उं×डी५+ व त्यानंतर व-एफ७ हा आपल्या डावातलाच हल्ला पुन्हा उभा राहतो. काळ्याने सी६ खेळून डी५ ला प्याद्याचा टेकू दिला, तर आपण डी४ करून मध्य फोडावा. सी१ च्या उंटाला वाट मिळते, आणि ई५ चे प्यादे जागचे हलले की एफ१ चा हत्ती ई१ वर येऊन ई६ च्या राजाला थेट शह देतो. सगळ्या चाली पाठ करण्याची गरज नाही. राजा ई६ वर उभा आहे तोवर ई स्तंभ उघडायचा, एवढे लक्षात ठेवले तरी हाताला चाल सुचते.

ज्यांना सहाव्या चालीला घोडा द्यायचा नसेल त्यांच्यासाठी लगेच ६. डी४ ही चाल आहे. १८व्या शतकातील इटलीच्या मोडेना येथील बुद्धिबळपटू लोली याच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तिच्यात एफ७ वरचा बळी पुढच्या चालीसाठी राखून ठेवला जातो. मला स्वतःला ती अधिक आवडते.

आपला दुसरा प्रश्न ट्रॅक्सलरच्या उत्तराविषयी आहे. कारेल ट्रॅक्सलर हे चेक धर्मगुरू होते आणि १८९० साली त्यांनी चौथ्या चालीला उं-सी५ हे धाडस केले. पांढऱ्याने घोड्याने एफ७ मारून वजीर-हत्तीवर मारा साधला की काळा उंटाने एफ२ वर शह देऊन स्वतःच हल्ला सुरू करतो, आणि तयारी नसलेला पांढरा खेळाडू तेथे भांबावतो. त्यापेक्षा उंटाने एफ७ चे प्यादे शहासह मारावे आणि घोडा हाताशी ठेवावा. राजा ई७ वर आला की त्याचे कॅसलिंग गेले आणि आपण एका प्याद्याने पुढे. गुरुजी हे वाचणारच आहेत, म्हणून एवढेच सांगतो की पुढच्या रविवारी दोन्ही तयाऱ्या करून बसावे.

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा असून वर्षभर बुद्धिबळाच्या वर्गाला जातो. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत तो या हल्ल्यात १० चालींत हरला आणि रडत घरी आला. शहानंतर त्याने राजा एफ७ वरून जी८ वर नेला होता. वर्गात असे सापळे शिकवत नाहीत म्हणून मला राग आला आहे. त्याला सगळे सापळे पाठ करून घ्यावेत का? (एक माता, मिरज)

उत्तर : आपल्या मुलाने केलेली चाल त्याच्या वयाचे बहुतेक खेळाडू करतात. राजाला घरी न्यावे, कोपऱ्याजवळ तो सुरक्षित असतो, हे त्याला शिकवलेले असते आणि ते शिकवणे चुकीचे नाही. इथे मात्र सी४ च्या उंटाची तिरकी रेषा थेट जी८ पर्यंत जाते. डाव असा संपला असणार : ८. उं×डी५+ व×डी५ ९. व×डी५+ उं-ई६ १०. व×ई६ मात. काळ्याने वजिराऐवजी उंट ई६ वर मध्ये घातला असता तर एक चाल आधीच, उं×ई६ ने मात झाली असती.

सापळे पाठ करून घेऊ नयेत. पाठ केलेला सापळा ज्या दिवशी समोरचा एक चाल वेगळी खेळतो त्या दिवशी निरुपयोगी होतो, आणि मूल पुन्हा रडत घरी येते. त्याऐवजी मुलाला पटावर हा डाव मांडायला सांगावे आणि सातव्या चालीला थांबवून विचारावे की डी५ वर कोण कोण टपले आहे आणि राखण कोण करते आहे. बोटे मोजून उत्तर देऊ द्यावे. राजा ई६ वर का जातो हे त्याला त्या मोजणीतून स्वतःच सापडले, तर ते तो कधी विसरणार नाही. हवे असल्यास तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उं-सी५ खेळण्याचा मार्गही त्याला दाखवावा. त्यानंतर घोडा जी५ वर आलाच तर काळ्याचा वजीर डी८ वरून त्याला सरळ मारतो.

वर्गाबद्दलचा राग आपण थोडा आवरावा, असे मी मनापासून सुचवतो. वर्षभरात शिकवण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात आणि अंतिम डाव, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावरचा खेळ, हाच मुलांचा खरा पाया असतो. आपण राहता तो परिसर तर बुद्धिबळाच्या दृष्टीने भाग्यवान आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून सांगलीत स्पर्धांची जी परंपरा रुजवली, तिच्यामुळे इथल्या मुलांना दुसऱ्यांचे डाव प्रत्यक्ष बसून पाहण्याची संधी मिळत आली आहे. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या. मुलाला स्पर्धेत खेळण्याइतकेच, स्वतःचा डाव संपल्यावर शेजारच्या पटाशी गप्प उभे राहून पाहण्यास प्रोत्साहन द्यावे.

प्रश्न : माझे वय ८१ आहे. आम्ही लहानपणी देशी पद्धतीने खेळत असू. त्या पद्धतीत हा हल्ला होऊ शकला असता का? आणि शेवटी प्यादे हलून मात झाली तर तिला प्यादेमात म्हणावे का? सांगलीचे एक नातेवाईक तसा दावा करतात. (एक ज्येष्ठ वाचक, सातारा)

उत्तर : देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, आणि राजाला शह लागण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. त्यामुळे ई४ ई५ ही पहिलीच जोडी तेथे उभी राहत नाही, मध्य सावकाश उघडतो आणि उंटाच्या लांब रेषा चौथ्या चालीला मोकळ्या होत नाहीत. प्रदेशागणिक नियमांत फरक होते, पण हा हल्ला आपल्या बालपणीच्या पटावर याच रूपात होऊ शकला नसता, हे खात्रीने सांगता येते. पंजाबातील मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले, पाश्चात्त्य नियम नंतर शिकले आणि तरीही १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी मिळवले. सुरुवातीच्या चालींत ते मागे पडत आणि मध्य व अंतिम डावात ती कसर भरून काढत, यामागे हेही कारण होते.

प्यादेमातीबद्दल आपल्या नातेवाइकांचा दावा मला मान्य करता येत नाही, जरी तसे म्हणावेसे वाटणे मी समजू शकतो. प्याद्याने दिलेली मात आपल्या जुन्या खेळाडूंमध्ये विशेष मानाची समजली जाई, आणि तिचा अर्थ असा की शह स्वतः प्याद्याचा हवा. वरच्या डावात काळा राजा सी२ वर आहे, पांढरा वजीर ई२ वर आहे आणि मध्ये डी२ वर प्यादे उभे होते. ते डी३ वर सरकताच दुसरी ओळ उघडली आणि शह वजिराचा लागला, म्हणून मातही वजिराचीच. मात्र त्या प्याद्याने आणखी एक काम केले, जे पत्रातल्या दोघाही शेजाऱ्यांच्या लक्षात आले असेल की नाही याची मला शंका आहे. काळ्याचा वजीर डी४ वर होता आणि डी२ वर मध्ये येऊन शह अडवण्याची एकच वाट त्याच्याकडे होती. डी३ वर आलेल्या प्याद्याने तीच वाट बंद केली.